वासापुरतं तेल

हरभऱ्यावरची घाटे अळी दोऱ्याएवढी असते तेव्हाच मरते. एकदा ती करंगळीएवढी झाली की गवती चहाच्या तेलाला भीक घालत नाही. हे मला पौर्णिमाने शंभरदा सांगितलं होतं, आणि मी ते दहा गावच्या बायांना माइक हातात धरून सांगितलं होतं. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःसाठी ठेवलेली नाही.

आमचं गाव सास्तूरच्या जवळ. भूकंपानंतर ते वर माळावर आलं, सरळ गल्ल्यांचं झालं, आणि खालचं जुनं गाव दगडांसकट तिथंच राहिलं. तिथं आता बाभळी आहेत आणि आमची भट्टी आहे. बारा बायांचा आमचा बचत गट गवती चहा लावतो, कापतो आणि त्या भट्टीत वाफेवर त्याचं तेल काढतो. तेलात रिठ्याचं पाणी घुसळलं की ते पाण्यात मिसळतं, नाहीतर नुसतं वर तरंगत बसतं. मग पाव लिटरच्या बाटल्या भरायच्या. पिकावर मारायचं ते ऊन उतरल्यावर, आणि दर पाचव्या दिवशी, न चुकता. कारण हे तेल उडून जातं, विषासारखं पानाला धरून बसत नाही. त्याचा गुण तोच आणि खोडही तीच.

गटाची अध्यक्ष मी, शिवकांता. भाषण माझं, फोटो माझा, कृषी खात्याच्या मॅडमशी फोनवर बोलणं माझं. भट्टी मात्र पौर्णिमाची. ती भीमनगरातली. रान अर्धा एकर, शाळा आठवीपर्यंत, पण नाक असं की बाटलीचं बूच काढल्याबरोबर सांगणार, हे गवत सकाळी कापलंय की दुपारी. तेल किती आणि रिठं किती, हे माप तिनेच चुकत चुकत बसवलं. प्रत्येक घाण्यातलं, म्हणजे भट्टीच्या एकेका खेपेतलं, थोडं तेल ती एका छोट्या बाटलीत काढून ठेवते, वर कागद चिकटवून तारीख आणि नंबर घालते. कुणाच्या रानात काही बिघडलं तर त्या घाण्याची बाटली उघडून बघता यावी म्हणून. भट्टीच्या शेडमध्ये एका फळीवर अशी ओळच लागलेली असते. मी चेष्टेने म्हणायचे, "हा तुझा देव्हारा." तर म्हणायची, "देव न्हायत अक्का ते. साक्षीदार हायत."

माझा दीड एकर हरभरा अगदी रस्त्याला लागून आहे, म्हणून गटाचा दाखवायचा प्लॉट तोच ठरला. 'बिनविषारी हरभरा' अशी हिरव्या अक्षरांची पाटी मी लोहाऱ्याहून रंगवून आणली आणि खाली माझं नाव घालायला विसरले नाही. मागच्या डिसेंबरात तिथं शिवारफेरी ठरली. दहा गावच्या बाया आणि मॅडम गुरुवारी येणार, आणि त्यानंतरच्या सोमवारी येळवस. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात जेवायला असतात.

शिवारफेरीच्या आधल्या आठवड्यात मी भाचीच्या साखरपुड्याला जळकोटला गेले. एका दिवसाचं काम होतं, राहिले चार दिवस. का राहिले? तर तिथल्या बाया मला तेलाचं विचारत होत्या आणि मला सांगायला आवडत होतं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमाचा फोन आला.

"अक्का, आज तुमच्या रानाची पाळी हाय. तुमी न्हाय येणार तर म्या मारते की."

"नको गं. माझ्या रानात मीच मारते. आले की मारते."

"उशीर नका करू. आभाळ आलंय. आभाळात अळी लई झपाट्यानं वाढती."

"एक-दोन दिवसानं काय होतंय," असं मी म्हणाले. मला माइकवर सांगायचं होतं की ह्या रानात प्रत्येक फवारा मी माझ्या हातानं मारलाय. एवढ्याचसाठी मी तिला नको म्हणाले. दुसरं काहीही कारण नव्हतं.

रविवारी संध्याकाळी परत आले आणि तशीच रानात गेले. अळ्या घाट्यात तोंड खुपसून अर्ध्या बाहेर लोंबत होत्या. दोऱ्याएवढी एकही राहिली नव्हती. पुढच्या तासात, म्हणजे पुढच्या ओळीत, तेच, त्याच्या पुढच्या तासात तेच. मी बांधावर बसले आणि आधी जळकोटच्या बायांना शिव्या घातल्या, मग आभाळाला, मग स्वतःला.

मॅडमना फोन करून सांगता आलं असतं की एक पाळी चुकली आणि रान गेलं. खरं तर बायांना दाखवायला त्याहून चांगला धडा नव्हता. एक पाळी चुकली की काय होतं ते डोळ्यांनी बघा, असं म्हणता आलं असतं. हे मला तेव्हाही सुचलं होतं. सुचूनही मी सोमवारी सकाळी पदर तोंडावर ओढून लोहाऱ्याला गेले आणि मला कुणी ओळखत नाही अशा दुकानातून औषधाची बाटली आणली. विषाला आपण औषध म्हणतो, त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

दुकानदार म्हणाला, "मावशी, लई जालीम हाय. तोंडाला फडकं बांधा."

संध्याकाळी नेहमीच्याच वेळेला मी पंप पाठीला लावला. नेहमीच्याच वेळेला, म्हणजे कुणाला नवल वाटू नये. पंपात औषध ओतलं. त्याचा उग्र वास आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की पौर्णिमा रस्त्याने नुसती चालत गेली तरी तिला कळेल. म्हणून मी घरी ठेवलेल्या नऊ नंबरच्या घाण्याच्या तेलातून दोन झाकणं मोजून त्यात घातली. अळीसाठी नाही. वासासाठी. सगळं रान गवती चहाच्या वासाने भरून गेलं, आणि मी तोंडाला फडकं बांधून, खालमानेनं, एकेक तास करत शेवटपर्यंत फवारत गेले. रिकामी बाटली जुन्या गावात नेऊन पडक्या भिंतीच्या दगडांत खुपसली.

रात्री जेवताना आमचे मालक वीरप्पा म्हणाले, "मारलीस व्हय पाळी? रस्त्यापतुर वास यायलाय."

"व्हय," मी म्हणाले.

गुरुवारी बाया आल्या, भोकं पडलेले घाटे मी आधीच खुडून टाकले होते. टेम्पो भरून आल्या. एकीने घाटा सोलला, दुसरीने सोलला, सगळे दाणे टपोरे. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढला. आणि पौर्णिमा सरीतून खाली वाकून काहीतरी वेचत होती. तिने येऊन तळहात उघडला, तर त्यावर मेलेली अळी, तिच्या करंगळीएवढी.

"अक्का, ही बघा. एवढी थोरली मेलीया. आपण म्हणतो थोरली मरत न्हाय म्हणून. नवव्या घाण्यात कायतरी येगळं झालंय. गवत त्या बारीला फुलोऱ्याच्या आधी कापलं होतं, त्याचं असंल का?"

तिचे डोळे असे चमकत होते की मला तिच्याकडं बघवेना. तिने वहीत लिहिलं. नववा घाणा, थोरली अळी मेली, कारण बघायचं. मी म्हणाले, "असंल, असंल," आणि बायांना चहा द्यायला वळले.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी आजही गप्प असते, हे कबूल करते. पण गजरामावशी उठल्या. गजरामावशी आमच्या समोरच्या घरातल्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. तेरा वर्षांमागं येळवशीला कुणाच्या तरी रानातला हरभऱ्याचा डहाळा त्यांनी खाल्ला होता, आणि त्या रानावर दोन दिवस आधी औषध मारलेलं होतं. तीन दिवस सलाइनवर होत्या. तेव्हापासून त्यांनी रानात कच्चा दाणा तोंडात टाकला नाही. येळवशीची भज्जी तेवढी खायच्या, तीसुद्धा घरच्या परसातला पाला घालून केलेली. आता भज्जी म्हणजे काय, तर रानातली तूर, वाटाणा, हरभरा, मेथी, जे हिरवं मिळेल ते तोडून शिजवायचं. परसातल्या पाल्याची भज्जी म्हणजे समाधान करून घेणं.

त्या सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "औंदा म्या शिवकांताच्या रानातला डहाळा खाणार. तेरा वर्सं झाली माय. आन आपल्या गल्लीची भज्जी बी हितलाच हरभरा घालून करायची. बिनइषाचं रान हाय, लेकराबाळांनी खुशाल खावं."

बायांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

बाटलीवर लिहिलं होतं, फवारणीनंतर पंधरा दिवस माल तोडू नये. सोमवार ते सोमवार किती होतात हे मी बोटांवर परत परत मोजत होते, जणू एखाद्या वेळी पंधरा भरतील. शुक्रवार असाच गेला. धुवून खाल्लं तर चालतं का, असंही मी मनात म्हणून बघितलं, आणि गजरामावशींचा सलाइन लावलेला हात आठवून गप्प बसले. खरं सांगावं म्हटलं, तर पाटी, फोटो, टेम्पोभर बाया डोळ्यांपुढं यायच्या. गटाच्या बाटल्या परत कुणी हातात धरल्या नसत्या. मी असं स्वतःला सांगत होते की मी गटासाठी गप्प आहे. मला भीती माझ्या तोंडाची होती, जे मी गावात वर करून हिंडत होते.

शनिवारी नळावर मला वाट सापडली. निदान मला तेव्हा ती वाट वाटली.

"मावशी," मी म्हणाले, "औंदा माझ्या रानातला डहाळा नका खाऊ. ह्या बारीला तेल जरा उग्र झालंय. दाणा कडू लागायलाय. पोट बिघडंल उगं."

गजरामावशींचा चेहरा उतरला. "असं व्हय," एवढंच म्हणाल्या. बाकीच्या म्हणाल्या, मग भज्जीचा हरभरा दुसरीकडून आणू. मला इतकं हलकं वाटलं की मी दोन हंडे जास्तीचे भरले. कुणी खाणार नाही, कुणाला काही होणार नाही, आणि मलाही काही होणार नाही.

तेल उग्र झालं म्हटल्यावर ते कुणी केलं, हा प्रश्न येणारच होता. तो मला सुचला नाही. की सुचला आणि मी तो बाजूला सारला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. संध्याकाळच्या पाण्याला आमच्याच गल्लीतली एक बाई म्हणाली, "म्या आधीच म्हणत होते, भट्टी तिच्या हातात कशाला द्यायची. त्या लोकांचं काय काम हाय त्यात." दुसरी म्हणाली, "फोटोला मातर फुडं असती." फोटोला पुढं मी असते, पौर्णिमा नाही. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मी एका शब्दानं बोलायला पाहिजे होतं. माझा हंडा भरून वाहत होता आणि मी नळाकडं बघत उभी होते.

रविवारी सकाळी पौर्णिमा घरी आली. हातात नऊ नंबरची छोटी बाटली होती.

"अक्का, तुमी हेच घेतलं होतं ना?"

"व्हय."

"म्या वास घेतला. ठीक हाय. घरच्या मेथीवर दुप्पट मारून बघितलं काल, पान बी करपलं न्हाय. मेथी चावून बघितली, कडू न्हाय. मग तुमच्याच रानात कसं झालं?"

घरात आम्ही दोघीच होतो. वीरप्पा येळवशीच्या कोपीसाठी, म्हणजे पूजेच्या खोपटासाठी, कडबा न्यायला रानात गेले होते. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी तोंड उघडलंही.

"पंपात काहीतरी राहिलं असंल आधीचं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. "न्हाय. पंप तुमी धुता, मला ठावं हाय. माझंच चुकलं असंल. ह्या बारीला रिठं नवीन हुतं, झाडावरचं. त्यात कडूपणा जास्ती असंल आन म्या माप जुनंच धरलं." मग जरा थांबून म्हणाली, "लोक बोलायलेत ते बोलू द्या. पण कुणाच्या पोटात गेलं असतं म्हंजी? बरं झालं तुमी आधी चाखून बघितलं."

तिला मी चहा विचारला. ती नको म्हणाली, भट्टीवर काम आहे म्हणाली. ती गेल्यावर मी उंबऱ्यात बसून राहिले. ती माझे आभार मानून गेली होती.

येळवशीचा दिवस. कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप उभी केली, आत चुन्यात रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले, कांबळ्यात गुंडाळलेलं आंबिलीचं मडकं, म्हणजे बिंदगी, वीरप्पांनी डोक्यावरून आणली. पूजा झाली, आणि ते 'ओलगे ओलगे' म्हणत रानाभोवती आंबील शिंपडत फिरले. अन्न दिलेल्या जमिनीचे आभार मानायचे, असा तो फेरा. दरवर्षी मी त्यांच्यामागं हौसेनं फिरते. त्या वर्षी मी कोपीजवळच बसले आणि पाय दुखतोय असं सांगितलं. ते त्या आठवड्यातलं कितवं खोटं, मी मोजणं सोडलं होतं.

गल्लीतल्या पंधरा-वीस बाया आणि लेकरं आमच्याच रानात जेवायला होती, कारण ठरलं तसंच होतं, फक्त हरभरा दुसरीकडचा. गजरामावशी कोपीच्या सावलीत बसल्या होत्या. दुपारी पौर्णिमा आली. पूजेला ती येत नाही, तिचा धम्म वेगळा, पण भज्जीला दरवर्षी येते. सगळ्यांनी तिला या म्हटलं, पण म्हणण्यात जोर नव्हता. कुणी सरकून जागा केली नाही.

ती बसलीच नाही. चप्पल बांधावर काढली आणि सरळ हरभऱ्यात शिरली.

मी म्हणाले, "पौर्णिमा, आधी जेव."

"थांबा अक्का. कडू म्हंजी किती कडू, ते मला कळाया पायजे. न्हायतर म्या माप कसं सुधारू?"

तिने एक डहाळा उपटला. घाटे ओरबाडून सोलले आणि मूठभर दाणे तोंडात टाकले. सगळे बघत होते. ती डोळे मिटून चावत होती, जशी ती तेलाचा वास घेताना मिटते. मग परत मूठभर. मी उठून उभी राहिले होते. दोन मुठी. तेवढा वेळ मी गप्प राहिले, हे मी कुणापासून लपवत नाही.

तिने डोळे उघडले आणि हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"कडू न्हाय," ती म्हणाली. "लई गोड हाय. मावशी, या. खावा."

आणि गजरामावशी उठल्या. कोपीच्या कडब्याला धरून उठल्या, लुगड्याचा ओचा केला, आणि दोन पोरी त्यांच्या पुढं पळाल्या. मावशींनी डहाळा उपटला. त्यातला घाटा त्यांनी नखाने फोडला आणि दाणा ओठाशी नेला.

"खाऊ नका," मी म्हणाले. "मावशी, टाका ते. पोरींनो, टाका खाली. औषध मारलंय."

कुणाला कळलंच नाही. वीरप्पा म्हणाले, "कशाचं औषध?"

"विषारी औषध. म्या मारलंय. गेल्या सोमवारी. तेल कडू नव्हतं, तेलात काहीच खोट नव्हती. पाळी माझी चुकली, अळी वाढली, म्हणून लोहाऱ्याहून बाटली आणली. तिच्या तेलाला म्या नावं ठिवली."

चुलीवरच्या पातेल्यात भज्जी थबथब करत होती. गजरामावशींनी मूठ उघडली आणि दाणा खाली पडू दिला. मग ओचाही सोडला. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मला एकटीला येऊन सांगितलं असतंस तर म्या काय फाशी दिली असती का गं तुला?"

 पौर्णिमा बांधाकडं गेली, बिंदगीशेजारच्या घागरीतून पाणी घेऊन चूळ भरली, परत भरली, मग घशात बोटं घालून ओकली. मी तिची पाठ धरायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला, अगदी हळू, आणि स्वतःच बांधाला धरून उभी राहिली.

वीरप्पांनी मोटारसायकल काढली. त्यांच्या मागं पौर्णिमा, तिच्या मागं तिला धरून मी, असे आम्ही सास्तूरच्या दवाखान्यात गेलो. वाटेत ती सरळ बसली होती, माझ्या अंगावर जराही रेलली नाही. डॉक्टरांनी बाटलीचं नाव विचारलं, मला ते पाठ होतं. आठ दिवस झालेत, दोन मुठीच गेल्यात, आणि ओकलंय ते चांगलं केलं, असं ते म्हणाले. तरी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. तिला मळमळ होत होती. आणखी काही झालं नाही. माझं नशीब, असं कुणीतरी नंतर म्हणालं. ती म्हणाली नाही.

मी खाटेजवळ स्टुलावर बसले होते. पंखा फिरत होता. ती छताकडं बघत म्हणाली, "अक्का, त्या दिवशी रानात तेलाचा वास यायलता."

"व्हय."

"म्हंजी तेल बी घातलं होतं."

"दोन झाकणं."

"कशाला?"

मी सांगितलं कशाला. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "नवव्या घाण्याच्या तेवीस बाटल्या उरल्या हुत्या. काल तुमच्याकडनं गेले आन म्या सगळ्या वतून दिल्या. लोकांच्या पोटात जायाला नको म्हणून. रिठं बी फेकलं. सगळं पोतं."

दोन महिन्यांचं गवत होतं ते. बारा बायांनी कापलेलं. मी विष मारून गप्प बसले, आणि तिने चांगलं तेल मातीत ओतलं, कारण माझ्या शब्दावर तिचा स्वतःच्या नाकापेक्षा जास्त विश्वास होता. मी तिथं स्टुलावर रडले. तिने मला रडू दिलं, उगी म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

दोन दिवसांनी मी रस्त्यावरची पाटी काढली, हरभरा उपटून खड्ड्यात पुरला आणि अध्यक्षपद सोडलं. मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लवकर फोन ठेवला. दहा गावांना कळवायचं काम माझं, असं गटाने ठरवलं, ते मी केलं. गावोगाव जाऊन केलं. माइक नव्हता.

मग मी जुन्या गावात गेले. भट्टीच्या मागच्या चरात जिथं पौर्णिमाने बाटल्या ओतल्या होत्या तिथं मातीला अजून गवती चहाचा वास येत होता. तिथून वीस पावलांवर त्या पडक्या भिंतीत माझी बाटली होती. मी ती काढली, धुतली, तिच्यावर कागद चिकटवला आणि सोमवारची तारीख घातली. नंबर नाही, माझं नाव घातलं. शेडमध्ये जाऊन फळीवर नऊ आणि दहा नंबरच्या मधे जागा करून ती ठेवली. पौर्णिमा टाकीत गवत दाबत होती. तिने एकदा बाटलीकडं बघितलं, आणि म्हणाली, "पेंढ्या द्या वर." मी पेंढ्या दिल्या. दिवसभर दिल्या.

बाटली अजून तिथंच आहे. तिने ती काढली नाही आणि मीही विचारलं नाही. आता गटाची अध्यक्ष पौर्णिमा आहे, आणि भट्टी बघायला बाया परत यायला लागल्यात, पहिल्याइतक्या नाही पण येतात. फळीवरची ओळ बघत बघत कुणीतरी त्या मोठ्या बाटलीशी थांबतंच. ही कसली म्हणून विचारतंच. पौर्णिमा माझ्याकडं बघते आणि मी सांगायला लागते, जळकोटच्या साखरपुड्यापासून, काही न गाळता, आत्ता सांगितलं तसंच.

पौर्णिमा ऐकत उभी असते. अळ्या वाढल्या, मी लोहाऱ्याला गेले, पंपात औषध ओतलं, तिथपर्यंत ती असते. वासासाठी दोन झाकणं तेल घातलं, इथं मी आले की ती पदराला हात पुसते आणि शेडच्या बाहेर जाते.